कपाट उचलताना तात्या काय म्हणायचे

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गेल्या वर्षी ऐंशीव्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्यानिमित्त छोटी स्मरणिका काढायची ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी शाळेत मराठी शिकवायचे. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. तात्या १९६३ साली फौजेच्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ट्रेड सुतार. १९८० ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गावात मात्र सगळे त्यांना मेजर म्हणायचे. पुढे एकवीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये सुतारकाम केलं. आठवडाभर तिकडे तिघांबरोबर एका खोलीत, शनिवारी रात्री गावी. आत्यांची लग्नं, विहीर, आम्हा तिघांची शिक्षणं, सगळं या दोन नोकऱ्यांवर झालं.

थोरल्या भावाला स्मरणिकेच्या पहिल्या पानावर 'एकाहत्तरच्या रणांगणावर शत्रूला कंठस्नान घालणारा शूर योद्धा' असं छापायचंय. ट्रंकेत पाच पदकं सापडली: रक्षा पदक, सैन्य सेवा, पूर्वी स्टार, संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. भाऊ म्हणतो ही शौर्यपदकंच आहेत. तात्या आम्हाला लढाईबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. आईला विचारलं तर म्हणते, 'काय लिवायचं? राबलं बिचारं जलमभर.' मला आठवतात त्या अगदीच बारीकसारीक गोष्टी. घडीची लाकडी फूटपट्टी कायम खिशात. जेवणाला ते लंगर म्हणायचे. कपाट हलवायचं असलं की सगळ्यांना चार कोपऱ्यांना उभं करायचे, प्रत्येकाचा हात नीट बसलाय का बघायचे आणि मग 'सब तैयार? उठाव!' म्हणायचे. मी दहावीला असताना त्यांनी मला अभ्यासाचं टेबल करून दिलं, एकही खिळा न मारता. ते अजून माझ्याकडे आहे.

आणखी एक. तेराव्याच्या रात्री आईने सांगितलं की मी चार वर्षांची असताना तात्या सुट्टीवर आले, तेव्हा मी त्यांना बघून रडले आणि 'हा माणूस कधी जाणार?' असं विचारलं. ते काही बोलले नाहीत, ओसरीवर ट्रंकेवर बसून राहिले. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. हे लिहायचं का? आणि मुळात लिहायचं काय?"

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भावाच्या वाक्यापाशी अडले आणि दुसऱ्यांदा वाचताना कपाटापाशी. कपाटाकडे येतेच, आधी भाऊ.

त्याच्यावर रागावू नका. तुमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, ज्याच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावूनच बोलतात. वेशीवर, शाळेपाशी, चावडीपाशी शहिदांच्या नावाचे दगड बघत वाढलेल्या मुलाला आपल्या बापाच्या नावापुढेही काही ठसठशीत असावं असं वाटलं, तर ती माया आहे. पण ते वाक्य छापू नका. तात्या ते एकदाही बोलले नाहीत. ऐंशी वर्षांत जे त्यांच्या तोंडून निघालं नाही ते त्यांच्या फोटोखाली घालायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय गावात आणखी पेन्शनर फौजी असतील. ते स्मरणिका हातात घेतील, वाचतील, घडी घालून खिशात ठेवतील आणि काही बोलणार नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं तुमच्या आईला बरोबर कळेल.

आता पदकं. या पाचांत शौर्यपदक नाही, हे भावाला तुम्हीच सांगा, आणि एकटा असताना सांगा. पण तेवढंच सांगून थांबू नका, कारण ही पदकं बोलतात. रक्षा पदक म्हणजे १९६५ च्या युद्धाच्या वेळी तात्या सेवेत होते. संग्राम पदक एकाहत्तरच्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालं आणि पंचविसाव्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९७२ ला वर्दीत असणाऱ्यांना. पूर्वी स्टारचं तसं नाही. तो पूर्वेच्या आघाडीवर गेलेल्यांनाच मिळाला. म्हणजे तात्यांनी तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट ट्रंकेत होती: डिसेंबर १९७१ मध्ये तुमचे वडील पश्चिमेला पंजाबात किंवा राजस्थानात नव्हते, आज ज्याला आपण बांगलादेश म्हणतो त्या बाजूला होते. पदक हातात घेऊन त्याची कड उजेडात धरा. आपल्याकडच्या पदकांच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. त्या कडेचा फोटो स्मरणिकेत घ्या. कंठस्नानापेक्षा तो मोठा आहे.

आणि पूर्वेला सुतार कशाला लागतो, हे भावाला माहीत नसावं. तो सगळा मुलूख नद्यांचा. मागे हटणारं पाकिस्तानी सैन्य पूल उडवत गेलं. मेघनेवरचा आशुगंजजवळचा मोठा रेल्वे पूलही त्यांनी उडवला, आणि आपलं सैन्य तिथे हेलिकॉप्टरमधून आणि होड्यांमधून पलीकडे गेलं. अशा लढाईत पायदळ, तोफा, रणगाडे सगळे नदीकाठी येऊन थांबतात आणि मागे वळून इंजिनिअरांकडे बघतात. सॅपरचं काम तिथे सुरू होतं. पूल बांधायचा, सुरुंग काढायचे, चिखलातून वाट करायची, आणि बाकीचे पुढे गेले की मागे राहून ती वाट शाबूत ठेवायची. इंजिनिअर कोअरचं ब्रीदच 'सर्वत्र' असं एका शब्दाचं आहे.

भावाला पराक्रमच हवा असेल तर त्याला रामा राघोबा राण्यांची गोष्ट सांगा. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली साधे सॅपर म्हणून याच बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीला जाणाऱ्या रस्त्यावर गोळ्या चालू असताना त्यांनी सुरुंग काढले, झाडं आडवी टाकून केलेले अडथळे उडवले आणि मांडीला जखम असताना रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालं. म्हणजे ज्या दलात वाट मोकळी करण्याला परमवीरचक्र मिळालं, त्या दलात तात्यांनी सतरा वर्षं काढली. एवढं एक वाक्य खरं आहे, आणि भावाला पुरेल असं मला वाटतं.

आता कपाट.

फौजेत बेली पूल नावाचा पूल वापरतात. लोखंडी चौकटी एकमेकींना जोडून तो पुढे सरकवत न्यायचा. एक चौकट दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि वजनाला सुमारे २६० किलो. क्रेन लागत नाही हीच त्याची खुबी, कारण नदीकाठच्या चिखलात क्रेन येणार कुठून? ती चौकट सहा माणसांनी उचलायची. सहांतल्या एकाचा हात आधी उचलला गेला किंवा नीट बसला नसला तर बाकी पाचांची बोटं, पाय, पाठ जातात. म्हणून आधी प्रत्येकाने पकड घ्यायची, मग विचारायचं, मग एका दमात उचलायचं.

ताई, तुमच्या माजघरात तात्या चारी कोपरे फिरून पोरांचे हात तपासत होते आणि 'सब तैयार?' विचारून थांबत होते, ते मला तरी त्या नदीकाठावरून आलेलं दिसतं. तुम्ही त्याला बारीकसारीक म्हणता. तात्या लढाईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत म्हणता. पण कपाट हलवलं त्या प्रत्येक दिवाळीत ते बोलत होते! फक्त ती हकीगत आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही ते सांगणं वाटलं नसेल.

त्यांच्या गप्प राहण्याबद्दल आणखी थोडं. तुमच्या आईला वाचता येतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या पिढीतल्या तिकडच्या बहुतेक बायकांसारखं येत नसेल, तर तात्यांची इनलँड पत्रं कोणी वाचून दाखवायची? शाळेतले गुरुजी, नाहीतर पोस्टमन. समोर सासू-सासरे बसलेले. युद्धभागातून निघणारी पत्रं आधी पलटणीत तपासली जायची. म्हणजे अधिकारी, पोस्टमन, गुरुजी, आई-बाप एवढ्यांच्या हातांतून आणि कानांतून जाऊन मग बायकोपर्यंत पोचणाऱ्या पत्रात माणूस काय लिहील? 'इकडे सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे. म्हशीकडे लक्ष देणे. मनिऑर्डर पाठवली आहे.' सतरा वर्षं असं लिहायची सवय लागलेला माणूस पेन्शनवर आल्यावर एकदम मोकळा कसा बोलेल? ट्रंकेत ती पत्रं असतील तर कोरडी म्हणून बाजूला टाकू नका. कोणत्या पत्रात तुमचं नाव आलंय ते बघा.

आईकडे वळते. 'राबलं बिचारं' एवढ्यावर तिला सोडू नका. तात्या पूर्वेकडे होते तेव्हा ती कुठे होती? तुम्ही तेव्हा अगदी लहान असाल. तात्यांची खबर गावाला कशी कळायची, तार आली की घराघरांत काय व्हायचं, हे तिलाच ठाऊक. आणि युद्ध संपलं तसा बहात्तरचा दुष्काळ आला. खटाव-माणने तो काय सोसला हे तुम्हाला मी सांगायला नको. पाझर तलावांची, रस्त्यांची कामं निघाली, बायका खडी फोडायला गेल्या, मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी आणि सुकडीवर माणसं जगली. फौजीची मनिऑर्डर ज्या घरात येत होती त्या घरात ती किती तोंडांत वाटली गेली आणि तरी आई कामावर गेली का, तुम्हाला झोळीत घालून नेलं का, हे विचारा. तात्यांच्या सेवेचा निम्मा हिशोब तिच्याकडे आहे. स्मरणिका तात्यांची असली तरी एक पान तिचं असू द्या, आणि तिच्या बोलीत असू द्या. शुद्धलेखन सुधारू नका, तुम्ही मराठीच्या बाई असलात तरी.

विचारायची पद्धत सांगते. समोर वही घेऊन बसू नका, ती 'काय सांगू' म्हणेल. ती तांदूळ निवडत असताना, शेंगा फोडत असताना जवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा (तिला सांगून), आणि हातात वस्तू द्या. फूटपट्टी द्या, ट्रंकेचं कुलूप द्या. 'तात्या कसे होते' हा प्रश्न कोणालाच झेपत नाही. 'ही ट्रंक स्टेशनवरून कोण आणायचं?' याला उत्तर असतं.

माझं सांगते. माझे वडील परळला एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. ते गेले तेव्हा मी श्रद्धांजलीचा मजकूर लिहिला: कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल. चाळीतल्या एका काकूंनी वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण हा कोणाचाही बाप झाला." मला फार लागलं. आज वाटतं की मी त्यांचे हात लिहायला हवे होते. साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून विणकर हातवाऱ्यांनी बोलत, आणि कान अधू झालेले माझे बाबा घरीसुद्धा खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला आईशी हातानेच बोलायचे. 'चहा टाक', 'पोरगी झोपली का', 'पगार झाला.' मला ते सगळं वाचता यायचं. त्यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही, आणि आता त्यातल्या दोनच खुणा मला आठवतात. तुम्ही उशीर करू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता ओसरीवरचा तो प्रसंग.

चार वर्षांच्या मुलीने अनोळखी माणूस बघून रडावं यात तिचा काही दोष नाही. ती आईच्या पदराआड राहणारी, आणि तो दहा-बारा महिन्यांनी दारात उभा राहिलेला. पण हे तुम्हाला माहीतच आहे, त्याने झोप लागणार नाही. झोप उडालीय ती तुम्ही काय म्हणालात यामुळे नाही. ते ट्रंकेवर बसून राहिले, ते चित्र तुम्हाला दिसतं म्हणून. मग त्या चित्राला पुढचं जोडा, कारण तुमच्याच पत्रात ते आहे. त्याच माणसाने तुमच्या दहावीला टेबल केलं. आठवडाभर दापोडीत गाड्यांचं लाकूडकाम करायचं, शनिवारी रात्री एसटीने गावी यायचं आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी पुन्हा रंधा, पटाशी, गुण्या घेऊन बसायचं. खिळा न मारता टेबल म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बरोबर बसली पाहिजे, सूतभर इकडेतिकडे चालत नाही. असं टेबल एका रविवारी होत नाही. किती रविवार लागले, आईला विचारा. जी पोरगी 'कधी जाणार' म्हणाली होती तिच्यासाठी ते रविवार त्यांनी घातले.

म्हणून तो प्रसंग लिहा. लपवू नका आणि त्याच्यावर रडूही नका. जसं आईने सांगितलं तसं तीन-चार ओळींत लिहा आणि लगेच खाली टेबलाचं लिहा. मध्ये 'पण' घालू नका.

काही कामाच्या गोष्टी. ट्रंकेत तात्यांचं डिस्चार्ज बुक असेल. त्यात भरतीची आणि सुटण्याची तारीख, ट्रेड, उंची, ओळखखूण, पदकं, चालचलनाचा शेरा असतो. स्मरणिकेतल्या तारखा तिथूनच घ्या, आठवणीवर भरवसा नको. ते घेऊन भावाला खडकीला बीईजीच्या, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्याच, रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवा किंवा नंबर, हुद्दा, नाव घालून रीतसर अर्ज करा, आणि तात्या एकाहत्तरला कोणत्या कंपनीत होते ते विचारा. हे काम भावालाच द्या. त्याला योद्धा हवा होता ना, त्याने स्वतः शोधून आणलेली एक खरी ओळ पहिल्या पानावर जाऊ द्या. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तिचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का ते बघून घ्या. कित्येक वीरपत्नींचं आणि फौजींच्या विधवांचं काम एका वेलांटीवर अडून राहतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो आता तुम्हा भावंडांपैकी कोण बघणार तेही ठरवा. हे स्मरणिकेत येणार नाही, पण तात्या असते तर त्यांनी हेच आधी केलं असतं.

आणि 'मेजर'चं काय करायचं? ठेवा. गावाने दिलेलं नाव आहे ते. फक्त हुद्दा म्हणून लिहू नका. वर 'हवालदार' लिहा, आणि खाली 'गाव त्यांना मेजर म्हणायचं' असं लिहा. वाचणारा त्यातून काय ते समजेल.

सुरुवात कुठून करू, असं वाटत असेल तर कपाटापासून करा. तुमच्या पत्रातलं ते वाक्य जसंच्या तसं उचला, मला तरी त्याहून चांगलं सुचत नाही.

शेवटी एक काम. टेबल उलटं करून बघा. सुतार पुष्कळदा फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने माप टाकून ठेवतात, कधी तारीखही. वर रंधा फिरतो, पॉलिश चढतं, खालचं तसंच राहतं. पोरांचा लॅपटॉप, पुस्तकं बाजूला काढा, चार जणांना चार कोपऱ्यांना उभं करा, हात नीट बसलेत का बघा. तुमच्या भावाला म्हणू द्या ते शब्द. खाली तात्यांच्या हातचे आकडे सापडले तर त्यांचा फोटो स्मरणिकेच्या मागच्या पानावर घ्या, आणि एक मलाही पाठवा.